खालून तिसरा शिंपला

“चल गं, किती रेंगाळतेस,” थोरली म्हणाली, आणि डेल्माने पाय उचलले. दहाबारा पावलं ती भराभर चाललीसुद्धा, पिशवी काखेत दाबून, मान खाली घालून, साठ वर्षांपूर्वी ओल्या वाळूवरून चालायची तशी. मग तिला आठवलं की थोरलीला पुरून महिना उलटला आहे. बोटींच्या धक्क्यावर, भर गर्दीत, डिसेंबरच्या भर उन्हात ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा एक माणूस तिच्या पाठीवर आदळला, माफी मागून, हातातलं आइस्क्रीम सावरत पुढे निघून गेला. उन्हाने होतं असं कधीकधी, डेल्मा स्वतःला म्हणाली. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते तिने आठवून पाहिलं. घेतली होती. सदुसष्टाव्या वर्षी कानात बहीण बोलायला लागली तर डॉक्टरला सांगायचं की पाद्र्याला, याचा विचार करत ती उभी राहिली, तेवढ्यात पाण्याच्या बाजूने आणखी एक बाई बोलू लागली, खरखरीत आवाजाची, कुठल्याशा नदीतल्या वाम माशांबद्दल. ही बाई काही डेल्माच्या ओळखीची नव्हती. ओळखीची नसलेली माणसं आपल्या कानात कशाला येऊन बोलतील? मग कुठे तिने वळून पाहिलं.

धक्क्याच्या पश्चिम टोकाला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. त्या पायऱ्यांवर, एकेका पायरीवर एक, सात मोठे काशाचे शिंपले बसवलेले होते, पोर आत मावेल एवढे. वसंतात इथे काहीतरी बांधकाम चालू होतं, हिरवं कापड लावून झाकलेलं, एवढंच तिला ठाऊक होतं. आता कापड निघालं होतं आणि कडेच्या दगडावर अक्षरं कोरली होती: या किनाऱ्यावरच्या आदिवासी बायकांसाठी आणि त्यांच्या पाण्यासाठी. भरतीचं पाणी चढत चढत एकेका शिंपल्यात शिरलं की आत कुठेतरी कळ दाबली जायची आणि त्या शिंपल्यातली बाई बोलायची. सात शिंपले, सात कूरी, म्हणजे इथल्या आदिवासी, बायका. दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडची कुणी तरुण कलाकार मुलगी आवाज गोळा करत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत होती, थोरलीकडेही येऊन गेली होती, हे डेल्माला उडतउडत कळलं होतं. उडतउडतच, कारण थोरलीचं काही थेट कळण्याचे दिवस तेव्हा राहिले नव्हते. खालून तिसरा शिंपला थोरलीचा होता. त्यात आता काठोकाठ पाणी भरलं होतं आणि त्यावर एक समुद्रपक्षी निवांत डोलत होता.

थोरलीला नाव होतं, आणि दोघी वाढल्या त्या साऱ्या खाडीला ते ठाऊक होतं. पण अजून ते घ्यायचं नाही, म्हणून इथेही ती थोरलीच. सगळीच कूरी घरं आता हे पाळत नाहीत. कित्येक घरांत तर मेलेल्या माणसाचा फोटो छापलेले सदरे घालून मयतीला जातात. डेल्माच्या घरात मात्र आई शेवटपर्यंत कडक होती. माणूस गेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचा फोटो पालथा घालून कपाटात ठेवायचा, आणि आवाज कुठे भरून ठेवलेला असेल तर तोही मिटवायचा. दोन वर्षं तरी. नाव कानावर पडलं की गेलेलं माणूस थबकतं, मागे बघतं, आणि मग त्याची वाट लांबत जाते, असं आई सांगायची. हे सगळं डेल्माला नीट माहीत होतं. माहीत असूनही ती त्या दिवशी, ज्यासाठी घराबाहेर पडली होती त्या चष्म्याच्या दुकानात गेली नाही. पायऱ्यांवर बसून राहिली. ओहोटी लागेपर्यंत शिंपले फिरून फिरून बोलत राहिले आणि थोरली चारदा बोलली. दर वेळी सुरुवातीला ती आपलं नाव सांगायची. तेवढ्या क्षणापुरते डेल्मा दोन्ही कानांवर हात ठेवायची, आणि मनात तीन मोजून काढायची. नाव ऐकलं नाही म्हणजे फारसं काही केलं नाही, अशी तिने आपल्या मनाची समजूत घातली होती. आपण स्वतःलाच फसवतोय हे तिला कळत होतं आणि तरी ती नेमाने हात उचलत होती.

नावानंतर थोरली म्हणायची, “वादळ होऊन गेलं की आई आम्हाला पाण्यावर न्यायची. चांगले शिंपले तेव्हाच. एरवी शोधावे लागतात, वादळानंतर समुद्र स्वतः आणून टाकतो. धाकटी कायम मागं. मी ओरडायची, चल गं, किती रेंगाळतेस.” मग ती हसायची, नाकातून, थोडंसंच, आणि संपायचं. अर्धं मिनिटही नसेल. आईचं नाव तिने घेतलं नव्हतं. त्या वेळी आईला जाऊन सात वर्षं झाली होती, घेतलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. पण तिने नुसतं आई म्हटलं होतं, आणि ते डेल्माला बरोबर लागायचं तिथे लागलं.

दुसऱ्या दिवशी डेल्मा मासे धरायच्या गळांच्या दुकानात गेली आणि भरतीओहोटीच्या वेळांची छोटी पुस्तिका घेऊन आली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कुठे जाता गळ टाकायला? ती म्हणाली, कुठे नाही. आयुष्याची पहिली पंधरा वर्षं तिला असल्या पुस्तिकेची गरज पडली नव्हती. सकाळी दार उघडलं की खाडी समोर असायची, आणि पाणी कुठवर आलंय ते बघून किती वाजले सांगता यायचं. मग ती शहरात आली, इस्पितळाच्या चादरी घड्या घालायच्या खात्यात चाळीस वर्षं काढली, नवरा क्वीन्सलंडला गेला तो गेलाच, आणि ती सरकारी इमारतीच्या नवव्या मजल्यावर येऊन थांबली. नवव्या मजल्यावरून पाणी दिसत नाही. समोरच्या इमारतीचा नववा मजला दिसतो, आणि तिथली एक बाई रोज सकाळी गादी उन्हात टाकते. तिला डेल्मा अकरा वर्षं बघते आहे आणि दोघींनी एकदाही हात हलवलेला नाही. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. डेल्मा पुस्तिकेत बघायची, बस धरायची, आणि पाणी दुसऱ्या शिंपल्यात शिरायच्या आत पायरीवर येऊन बसायची. एक दिवस ऑफिसांच्या जेवणाच्या सुट्टीत भरती आली तेव्हा तिच्या आजूबाजूला टाय लावलेली पोरं सँडविच खात बसली होती. तिला वाटलं, यांच्यातल्या कुणाला कळत असेल का, की ही जी बोलते आहे ती माझ्याशी बोलते आहे? त्यांनी कागद चुरगाळून डब्यात टाकले आणि पोरं निघून गेली.

शिंपल्यांचं आईला वेड नव्हतं, तो धंदा होता. पण धंदा आणि वेड यांत फरक करता येईल इतकं निवांत आयुष्य तिथे कुणाच्याच वाट्याला नव्हतं. पुठ्ठ्याचे छोटे छोटे बाळजोडे कापायचे, आतून मखमल लावायची, आणि बाहेरून रांगेत शिंपले चिकटवायचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. रविवारी ट्रामने शहरातली माणसं यायची आणि घेऊन जायची. काही बायका बंदरावरचा पूल करायच्या, हातभर लांब, सगळा शिंपल्यांनी मढवलेला. आईचे जोडे मात्र लांबून ओळखू यायचे, टाचेवर ती एक उलटा शिंपला लावायची, पोट वर करून. का, ते तिने सांगितलं नाही. थोरली तिच्याएवढ्याच सफाईने लावायची. डेल्माचे वाकडे यायचे आणि ते काढून पुन्हा लावायचं काम थोरलीचंच असायचं. गुडघाभर पाण्यात दोघी उभ्या असायच्या, झग्याची टोकं कमरेला खोचून, पाय निळे पडलेले, आणि आई कंबरभर पाण्यात आणखी पुढे. पाण्याकडे पाठ करायची नाही, एवढा एकच नियम होता. डेल्मा हटकून पाठ करायची, वाळूत काही चमकलं की वाकायची, आणि लाट येऊन तिला पाडायच्या आत थोरलीचा हात तिच्या मानगुटीला बसलेला असायचा. त्या बोटांची पकड तिला पायरीवर बसल्याबसल्या आठवायची, मानेच्या नेमक्या कुठल्या भागाला कुठलं बोट, तेसुद्धा. असा हात पुन्हा कुणी धरला नाही. नवऱ्याने धरला, पण तो वेगळा.

आणि मग संग्रहालयाचा फोन. त्याची आठवण यायला लागली की ती एरवी उठून चहा ठेवायची, भांडी घासायची. पायरीवर चहा नव्हता, भांडी नव्हती. आई जाऊन पाचच महिने झाले होते. फोनवरची बाई इतकी गोड बोलली. म्हणाली, तुमच्या आईंचे जोडे आमच्याकडे आले आहेत, खाली कुणाचे म्हणून लिहू? आजवर सगळ्यांच्या खाली ‘अज्ञात स्त्री’ लिहिलेलं असतं, आम्हाला ते बदलायचंय. डेल्माला काय वाटलं ते तिला आजही नीट आठवतं: आनंद झाला. जन्मभर आईने जोडे केले आणि कुणी विचारलं नाही कुणी केले म्हणून. तिने आईचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, समोरच्या बाईला नीट लिहिता यावं म्हणून दोनदा. फोटोसुद्धा दिला. ती शहराची झाली होती, नऊ मजले वर राहत होती, आणि पाच महिने काय नि दोन वर्षं काय, असं तिला वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल, हेच जास्त खरं. आठवड्याभराने खाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांची बस संग्रहालय बघायला आली आणि त्यात थोरली होती. काचेच्या मागे जोडे, त्यांच्यावर आईचा चेहरा, खाली मोठ्या अक्षरांत आईचं नाव. बाकीच्या बायकांनी हात तोंडावर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. थोरली तशीच बघत राहिली, असं नंतर कुणीतरी सांगितलं. रात्री तिचा फोन आला. “तिला चालू दे म्हणून आम्ही सगळे गप्प बसलोय,” ती म्हणाली, “आणि तू तिला काचेत उभी केलीस.” ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. तो तिचा शेवटचा शब्द. नऊ वर्षं डेल्माने नाताळला कार्ड पाठवलं, नऊ वर्षं ते तिकडे पोचलं असणार, आणि नऊ वर्षं इकडून टपालाच्या पेटीत वीजबिल येत राहिलं. नोव्हेंबरात निरोप आला तो थोरली गेल्याचाच. मयतीला डेल्मा सर्वांत मागच्या बाकावर बसली. रीतीप्रमाणे पानांचा धूर सगळ्यांवरून फिरवला तेव्हा तिच्यावरूनही फिरवला, कुणी काही कमी केलं नाही. पण पुढे ये असंही कुणी म्हटलं नाही.

म्हणून ती येत होती. नऊ वर्षांत थोरली पहिल्यांदा बोलत होती, आणि तेही ‘धाकटी’ म्हणून. याच्यासाठी माणूस काय काय करील? आठव्या दिवशी डेल्मा उत्तरही द्यायला लागली. “आले, आले,” ती पुटपुटायची, “माझे पाय तुझ्याएवढे लांब नाहीत.” शेजारी बसलेल्या पोराने सरकून घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी पुढच्या फेरीला ती पुन्हा बोलली. परत जाताना बसमध्ये तिच्या मनात एकच घोळत राहायचं. ही अशी रोज बोलते आहे, रोज कुणी ना कुणी तिचं नाव ऐकतं आहे, आणि ती रोज थांबून मागे बघत असणार. कुठेतरी, आई गेली त्याच वाटेवर, उन्हात. मी तिला उभी करून ठेवली आहे. पहिल्यांदा आईला, आता हिला. घरी येऊन ती दिवा न लावता बसायची. उद्या बंद करायला सांगू, असं ठरवायची, आणि उद्या पुस्तिका उघडून भरतीची वेळ बघायची.

केरिनचा फोन आला तो रविवारी दुपारी. केरिन थोरलीची एकुलती एक मुलगी, दक्षिणेला नावरा गावात राहते, तिथल्या शाळेत शिकवते.

“मावशी, तुला माहितीये का, आई तिकडे धक्क्यावर बोलतेय?”

डेल्मा म्हणाली, “कोण म्हणतं?”

“खाडीवरच्या दोघीतिघींनी ऐकलं. कानात बोटं घालून पळाल्या बिचाऱ्या, एकीचा तर पाय मुरगळला. महिना झाला मावशी! महिनाभर तिचं नाव चाललंय तिथे, गोरे लोक आइस्क्रीम खात ऐकतायत. तुला खरंच नव्हतं माहीत? तू तर तिथंच राहतेस.”

“नाही,” डेल्मा म्हणाली. तोंडातून तो शब्द इतक्या सहज निघाला की तिलाच दचकल्यासारखं झालं.

“ते कलाखात्याचे लोक म्हणतात, कुणी वारलं तर घरच्यांनी कळवायचं, लगेच बंद करतो. चांगलं आहे की नाही? मी केला फोन. ती पोरगी म्हणते, कोण वारलं? मी म्हटलं, माझी आई. ती म्हणते, सॉरी, पण नाव? मी म्हटलं, शिंपल्यातली माझी आई. ती म्हणते, सातजणी आहेत हो, सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया आहेत.” केरिन हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. “मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत केला, परत तेच. चुलत मामा म्हणतो मी नाही घेणार नाव. खाडीवरची ग्रेस म्हणते तुझी आई, तू बघ. मला वाटलं तू केला असशील, तुला वाटलं असेल मी केला असेन. सगळे एकमेकांकडे बघत बसलेत, आणि ती तिकडे बोलतेय.”

“मग आता?”

“आता तूच थोरली, मावशी. तू सांगायचंस. आणि तू तर... तू एकदा घेतलंयस की नाव. तुला जमेल.”

ती टोमण्याने म्हणाली नव्हती, हे डेल्माला कळलं. ती दमून गेली होती आणि जे खरं आहे ते बोलून गेली होती. तरीही फोन ठेवल्यावर डेल्मा बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. घरात एकाने आधीच कपडे मळवलेले असले की घाण उपसायचं काम त्यालाच सांगतात, तसं हे होतं. समोरच्या नवव्या मजल्यावरच्या बाईने गादी आत घेतली.

सोमवारी ती कलाखात्याच्या ऑफिसात गेली. इमोजेन नावाची तिशीतली गोरी मुलगी, पायात सपाट बूट, टेबलावर एकच एक झाडाची कुंडी. तिने डेल्माला खुर्ची दिली, पाणी दिलं, आपण मुळात कुठल्या आदिवासींच्या जमिनीवर बसलो आहोत ते सरकारी रिवाजाप्रमाणे म्हणून घेतलं आणि मग कागद पुढे केला. त्यावर सातजणींचे फोटो आणि सात नावं होती. डेल्माने चटकन मान फिरवली.

“पालथा घाल तो, बाई. आधी पालथा घाल.”

इमोजेनचा चेहरा लाल झाला. “सॉरी. माझं चुकलं. फारच चुकलं.” तिने कागद उलटा केला आणि वर तळहात ठेवला, जणू तो उडून जाईल. “पण मग... कुठल्या त्या मला कळायचं कसं?”

इथेच केरिनने फोन ठेवला होता. दोनदा. डेल्माच्या जिभेवर ते नाव होतं. तीन अक्षरं, लहानपणी किती वेळा ओरडली असेल ती, वाळूवरून, ट्रामच्या थांब्यावरून, बाथरूमच्या दाराबाहेरून. घेतलं असतं तर खाडीवर कुणाला नवल वाटलं नसतं. तिने तोंड उघडलं.

“खालून तिसरा शिंपला,” ती म्हणाली.

इमोजेनने बघितलं. “अच्छा! तुम्ही जाऊन आलायत तर.”

“तेरा दिवस.”

“तेरा...”

“रोज जात होते,” डेल्मा म्हणाली. “माझी बहीण आहे. मला ठाऊक होतं बंद करायला हवं ते. मी मुद्दाम सांगितलं नाही. भाचीला खोटं बोलले. आता कर बंद, आजच.”

तिला वाटलं होतं की हे बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. इमोजेन पेनची उघडझाप करत होती. मग ती हळूच म्हणाली, “एक सांगू का? रोज जे ऐकू येतं ते फक्त सुरुवातीचं आहे. चार जानेवारीला वर्षातली मोठी भरती आहे, सकाळी दहाच्या सुमाराला. पाणी सगळ्यात वरच्या शिंपल्यात पोचलं की सातही जणी आपली सगळी गोष्ट सांगणार, एकीनंतर एक. वर्षातून असं दोनतीनदाच होईल. त्यांची अकरा मिनिटांची आहे. मी होते तिथे, आवाज भरताना.” तिने डेल्माकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलाकडे. “पुष्कळसं धाकट्या बहिणीबद्दलच आहे. म्हणजे... तुम्हीच ना त्या?”

डेल्माने मान डोलावली.

“पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. तुमच्या घरच्यांनी म्हटलं तर चारनंतर बंद करू. किंवा असं करू, बाहेरचं आज बंद करते, आणि तुम्ही आत्ता इथे ऐका. माझ्याकडे आहे.” तिने खणातून हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि आवाज उतरवून म्हणाली, “दार लावते मी. कुणाला कळणार नाही.”

काळे, गुबगुबीत कानांचे हेडफोन. इस्पितळाच्या खात्यात यंत्रांचा आवाज लागू नये म्हणून घालायचे तसले. डेल्मा त्यांच्याकडे बघत राहिली. अकरा मिनिटं. नऊ वर्षांत जे बोलली नाही ते सगळं असेल का त्यात? माफ केलं म्हणाली असेल. काचेतल्या जोड्यांबद्दल बोलली असेल, जगाला ऐकू जाईल असं, आणि म्हणाली असेल की धाकटीने असं केलं. किंवा ते काहीच नसेल, नुसते पाय, वाळू, मागे राहणं. तिचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि हे तिला हात तिथे पोचल्यावर दिसलं. कुणाला कळणार नाही, ही मुलगी म्हणते आहे. संग्रहालयाच्या फोनवरच्या बाईचाही आवाज असाच मऊ होता. अशा मऊ आवाजांत कधी वाईट नसतं. तेच तर अवघड असतं.

“हसत होती का?” तिने विचारलं. “बोलताना?”

इमोजेनने आठवून पाहिलं. “मधे एकदा रडल्या. मग हसल्या. मला म्हणाल्या, हे रडलेलं कापू नकोस बरं का.”

“बास,” डेल्मा म्हणाली. “पुढचं नको सांगूस.” तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. “आत्ता बंद कर. मी इथं असतानाच.”

इमोजेनने कुणालातरी फोन लावला, खालून तिसरा, म्हणाली, हो, लगेच. मग फॉर्म आला. पुन्हा कधी सुरू करायचं, या रकान्यात डेल्माने लिहिलं: भाची सांगेल तेव्हा. आणि केरिनचा नंबर. दोन वर्षांनी आपण एकोणसत्तरच्या असू, हा हिशेब तिने केला आणि सोडून दिला. उठताना इमोजेनने विचारलं, “त्या मोठ्या भरतीला बाकीच्यांच्या गोष्टी जरा पुढे ओढून घेऊ का? नाहीतर मधेच अकरा मिनिटं नुसतं रिकामं राहील. लोकांना विचित्र वाटेल.”

“वाटू दे,” डेल्मा म्हणाली.

खाली रस्त्यावर येऊन तिने केरिनला फोन केला. “झालं,” म्हणाली. “आणि मी खोटं बोलले होते गं तुझ्याशी. मी रोज जात होते.” पलीकडे शाळेची घंटा वाजली. “मला वाटलंच होतं,” केरिन म्हणाली. “मी असते तर मीही गेले असते, मावशी. फोन ठेवते, तास आहे.”

चार जानेवारीला पाणी खरंच सगळ्या पायऱ्या गिळून वर आलं. धक्क्याच्या कठड्याशी ही गर्दी, टोप्या, छत्र्या, खांद्यावर घेतलेली पोरं. डेल्माने बूट काढून पिशवीत टाकले आणि वरच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राहिली. सर्वांत खालच्या शिंपल्यातली बाई आधी बोलली, तिने होडीत शेकोटी ठेवून रात्री मासे धरणाऱ्या आपल्या पणजीचं सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरीने वामांचं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. मग तीही संपली आणि काहीच आलं नाही. पाणी पायऱ्यांवर आपटत होतं, एक बोट भोंगा वाजवून धक्क्याला लागली. एक मिनिट, दोन मिनिटं. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणालं संपलं वाटतं, आणि पोरांना खांद्यावरून खाली घेतलं. चौथ्या मिनिटाला गर्दी निम्मी झाली. गवती टोपी घातलेला एक म्हातारा गोरा डेल्माशेजारी आला, पँट वर खोचून, आणि त्याने पाण्याखाली गेलेल्या शिंपल्याकडे काठी केली.

“बंद पडला बघा. अजून वर्षसुद्धा झालं नाही. आपल्याकडची कामं ही अशी.”

“बंद पडलेला नाही,” डेल्मा म्हणाली. “मी बंद ठेवायला सांगितलाय.”

“तुम्ही? का बरं?”

“माझी बहीण आहे ती. वारली नोव्हेंबरात. आत्ता तिची वेळ चालू आहे.”

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. तो मिनिटभर तिच्याबरोबर पाण्याकडे बघत उभा राहिला, मग मान लववून, काठी टेकत निघून गेला. डेल्माने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती, पाच उरली होती. तिला फार एकटं वाटलं. नऊ वर्षं ती एकटीच होती, पण ते बहीण रागावलेली आहे म्हणून होतं. हे आज पहिल्यांदाच बहीण मेली म्हणून होतं. ती रडली. कुणी बघत नव्हतं, आणि बघत असतं तरी तिने डोळे पुसले नसते. पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं. पाण्याकडे तोंड करून ती उभी राहिली, शेवटच्या सेकंदापर्यंत, आणि मग चौथी बाई बोलू लागली.